लॉन मोअरचा वेग आणि वळण: काळ्या मातीच्या लॉनवर काम करण्याची क्रमवार पद्धत

खानदेशातील कोणत्याही मंगल कार्यालयाच्या लॉनवर लग्नसराई संपता संपता एक फेरी मारली, तर मधला भाग बऱ्यापैकी हिरवा दिसतो. पण लॉनच्या दोन्ही टोकांना उघड्या काळ्या मातीचे अर्धचंद्र ओळीने उमटलेले असतात. मालक त्याचे खापर पंगतीवर किंवा मांडववाल्यावर फोडतो. खरे तर ते अर्धचंद्र गवत कापणाऱ्या यंत्राच्या चाकाने उमटवलेले असतात, कारण प्रत्येक पट्टा संपल्यावर चालकाने एक चाक जागीच दाबून धरले आणि यंत्र त्याच्याभोवती गरकन फिरवले. त्याच चालकाला विचारले तर तो सांगतो की काम लवकर उरकायचे होते. यंत्राच्या मागे चालत चालवायच्या लॉन मोअरबाबत नेमकी हीच समजूत चुकीची आहे. वेळ सरळ पट्ट्यात वाचवता येत नाही. तो वळणावर वाचतो किंवा वाया जातो.

एक हिशेब मांडून पाहू. लॉन ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास १८ गुंठे. यंत्राचे पाते ५३ सेंटिमीटरचे आहे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर ५ सेंटिमीटर चढवला, तर हाती ४८ सेंटिमीटर रुंदी येते. एकूण चाल सुमारे पावणेचार किलोमीटर होते. ताशी ४ किलोमीटर वेगाने तिला ५६ मिनिटे लागतात, ताशी ५ किलोमीटरने ४५. वेग वाढवून, कापणी बिघडवून आणि माणसाला घामाघूम करून वाचली ती ११ मिनिटे. आता वळणे मोजा. आडवे पट्टे मारले तर १२४ वळणे होतात आणि प्रत्येकाला २० सेकंद लागली तर ४१ मिनिटे केवळ वळण्यात जातात. तेच पट्टे लांबीच्या दिशेने मारले तर ६२ वळणे होतात, आणि ती १० सेकंदांत जमली तर सारे मिळून १० मिनिटांत आटोपते. वेग तसूभरही न वाढवता अर्धा तास हातात राहिला.

पुढील टप्पे त्याच क्रमाने करावेत. वळण जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची चूक वळणात नसते, तर त्याआधीच्या टप्प्यांत असते.

१. आपले यंत्र वळते कसे, ते आधी ओळखा

एका यंत्राची वळण्याची युक्ती दुसऱ्या यंत्राला लागू पडत नाही, म्हणून यंत्राची जात ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुढच्या चाकांना ओढ असलेले, ५० सेंटिमीटरच्या आसपास पात्याचे यंत्र सर्वांत हलके. हँडल खाली दाबले की पुढची चाके उचलली जातात आणि ओढ आपोआप सुटते. त्यामुळे ते वळवायला सोपे असते. मात्र मागची गवताची पिशवी भरली की पुढचा भार कमी होतो, चाके घसरतात आणि चढावर यंत्र पुढे सरकत नाही. मागच्या चाकांना ओढ असलेले यंत्र याच्या उलट वागते: चढावर आणि भरल्या पिशवीने चांगले ओढते, पण ड्राइव्ह लिव्हर, म्हणजे चाकांना ओढ देणारा हँडलवरचा दांडा, धरून ठेवून वळवू गेल्यास सरळ पुढेच पळते. अशा बऱ्याच यंत्रांच्या चाकांत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी रचना असते, ज्यामुळे वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त वेगाने फिरू शकते. माती आणि गवत अडकून ती रचना जाम झाली, की वळण जड होते आणि चालक अंगाचा जोर लावू लागतो.

मोठ्या कामाची यंत्रे साधारण ९० सेंटिमीटरपासून दीड मीटरपर्यंत रुंद असतात. त्यांना पुढे कुठेही फिरणारी दोन छोटी चाके असतात आणि मागच्या दोन चाकांना स्वतंत्र ओढ असते. यांत पुन्हा दोन प्रकार आहेत. बेल्ट आणि गिअरबॉक्सच्या यंत्रात प्रत्येक हाताशी एक लिव्हर असतो. तो अर्धा दाबला की त्या बाजूच्या चाकाची ओढ सुटते आणि पूर्ण दाबला की त्याच चाकाला ब्रेक लागतो. हायड्रॉलिक यंत्रात प्रत्येक चाकाला स्वतंत्र पंप आणि मोटर असते. त्यामुळे एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवून यंत्र जागच्या जागी वळवता येते.

हा फरक लक्षात न घेतल्याने सर्वांत जास्त लॉन खराब होतात. बेल्टच्या यंत्रात लिव्हर अर्धा दाबणे आणि पूर्ण दाबणे यांत केवळ बोटभर अंतर असते, आणि नवा माणूस नेहमी पूर्णच दाबतो.

*पडताळणी:* इंजिन बंद असताना बेल्टच्या यंत्राचा एक लिव्हर सावकाश दाबा आणि दुसऱ्याला यंत्र ढकलायला सांगा. चाक मोकळे कुठे होते आणि ब्रेक कुठे धरतो, हे बोटांना कळेपर्यंत दहा-बारा वेळा करा. मागच्या ओढीच्या लहान यंत्रात इंजिन बंद ठेवून यंत्र पुढे ढकला. दोन्ही चाके सारखीच हलकी फिरली पाहिजेत.

२. यंत्राची तयारी

इशारा: पात्याजवळ हात नेण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि यंत्र कलते करायचे असेल तर एअर फिल्टरची बाजू वर राहील असे कलते करावे. अन्यथा ऑइल फिल्टरमध्ये उतरते आणि यंत्र धूर ओकत सुरू होते.

मोठ्या यंत्राच्या मागच्या दोन चाकांतील हवा गेजने मोजून सारखी करावी. एका चाकात हवा कमी असेल तर त्याचा घेर किंचित लहान होतो आणि यंत्र त्या बाजूला ओढत राहते. मग चालक दुसऱ्या बाजूचा लिव्हर सतत थोडासा दाबून ते सरळ ठेवतो. ब्रेक तापतो, बेल्ट घासतो आणि दोन महिन्यांनी मेकॅनिककडे बेल्ट लवकर गेल्याची तक्रार जाते. दोन्ही बाजूंच्या केबलचा ढिलेपणाही याच कारणासाठी सारखा असावा.

पाते साधारण २५ तासांच्या कामानंतर पाजळावे, आणि मधल्या भोकात खिळा घालून ते समतोल राहते का ते पाहावे. हा विषय वेगाचाच आहे, कारण बोथट पात्याने गवत कापले जात नाही, तुटते. मग त्याच पट्ट्यावरून पुन्हा एकदा यंत्र न्यावे लागते आणि वेगाचे सारे गणित तिथेच बिघडते. रुंद डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, यंत्रात त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असावी, म्हणजे पाते एकदाच कापते आणि इंजिनावर दुहेरी भार पडत नाही.

*पडताळणी:* पार्किंगच्या फरशीवर खडूने १५ मीटरची सरळ रेघ मारा. पाते बंद ठेवून, लिव्हरना हात न लावता यंत्र त्या रेघेवरून सोडा. शेवटी ते एक वीतभरापेक्षा जास्त सरकले, तर हवा आणि केबल पुन्हा पाहा. इथे सरळ न चालणारे यंत्र गवतावर सरळ चालणार नाही.

३. जमीन तयार आहे का

काळ्या मातीत पेरणी करणाऱ्याला वापसा, म्हणजे ओल उतरून माती काम करण्याजोगी होणे, समजावून सांगावा लागत नाही, पण तोच माणूस लॉनवर आला की वापसा विसरतो. पाऊस किंवा स्प्रिंकलर झाल्यावर ही माती फुगते, वरून घट्ट दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. तिच्यावर सरळ चालताना यंत्र फारसे काही बिघडवत नाही. चाक पीळ घेते तेव्हा मात्र हरळीच्या मुळांसकट वरचा थर सोलून निघतो. म्हणून ज्या दिवशी कापायचे त्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद ठेवावे आणि पावसाळ्यात उघडीप मिळून वापसा येईपर्यंत थांबावे.

*पडताळणी:* लॉनच्या सर्वांत सखल कोपऱ्यात टाचेवर पूर्ण भार देऊन अर्धा गिरका घ्या. गवत सरकले, टाचेखाली माती चमकली किंवा बुटाला चिकटली, तर त्या दिवशी यंत्र काढू नका. सरळ पट्टे मारून वळण फक्त बाहेरच्या मुरमावर घेण्याची सोय असेल तेवढाच अपवाद.

उन्हाळ्यात अडचण उलटी होते. आखाजीच्या सुमारास ज्या लॉनला पाणी कमी पडले आहे तिथे भेगा पडतात, आणि मोठ्या यंत्राचे पुढचे फिरते चाक भेगेत उतरले की यंत्र स्वतःच्या मर्जीने वळते. भेगेच्या दिशेने पट्टा मारू नये. तिला आडवे किंवा तिरपे ओलांडावे. या दिवसांत कापण्याची उंचीही एक खाच वर घ्यावी.

मग जागा झाडून घ्यावी. लग्नाच्या लॉनवर मांडवाच्या खुंट्या, सुतळी, बांबूच्या ढलप्या, बाइंडिंग वायर आणि प्लास्टिकचे चमचे हमखास सापडतात. खुंटी उपटली असली तरी तिचे तुटलेले टोक जमिनीत असू शकते, म्हणून जिथे मांडव होता तिथे नुसते पाहून भागत नाही, पायाने चाचपावे लागते.

आमच्या भागातला खास धोका म्हणजे ठिबकची नळी. मेंदीच्या किंवा डुरांटाच्या कुंपणाला पाणी देणारी नळी बरोबर लॉनच्या कडेला, म्हणजे वळणाच्या जागेवर, गवतात लपलेली असते. पहिल्या वर्षी मी स्वतः अशी तब्बल आठ मीटर नळी पात्याच्या दांड्यावर गुंडाळून घेतली होती. इंजिन बंद पडले, बेल्ट जळाल्याचा वास आला आणि ती कापून काढण्यात दुपार गेली. आता काम सुरू करण्याआधी नळी उचलून कुंपणाच्या आत सरकवतो आणि पिनने दाबतो. पॉप-अप स्प्रिंकलरची तोंडे खाली बसली आहेत का, हेही त्याच फेरीत पाहून होते.

४. वेग मोजा, अंदाजाने ठरवू नका

लॉनवर टेपने ३० मीटर अंतर आखा, दोन्ही टोकांना वीट ठेवा आणि नेहमीच्या रीतीने गवत कापत जा. मोबाइलवर सेकंद मोजा. १०८ ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. ३६ सेकंद लागले तर वेग ३, २७ लागले तर ४, आणि १८ सेकंदांत अंतर संपले तर ६. सुरुवातीची दोन पावले सोडून, यंत्र चालीला लागल्यावर मोजणी सुरू करावी.

लहान यंत्राने नियमित कापलेल्या हरळीवर ताशी ४ किलोमीटर हा वेग योग्य ठरतो. गवत दाट किंवा दमट असेल तर ३ वर यावे. मोठ्या हायड्रॉलिक यंत्रांचा कमाल वेग ताशी ९ ते १० किलोमीटरपर्यंत जातो. पण तो मागे जोडायच्या, उभे राहून चालवायच्या चाकगाडीसाठी असतो. मे महिन्यात जळगावच्या उन्हात दिवसभर ताशी ५ किलोमीटरने कोणी चालू शकत नाही, आणि चालायला लावूही नये. ती चाकगाडी लावली की यंत्राची लांबी वाढते, वळणाला जागा जास्त लागते आणि कोपऱ्यात ती आतल्या बाजूने गवत रगडते. लहान तुकड्यांच्या लॉनवर ती काढून ठेवलेली बरी.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. वेग कमी करायचा म्हणून चालक रेस कमी करतो. असे कधीही करू नये. कापताना इंजिन पूर्ण रेसवर असावे आणि वेग गिअरने किंवा ड्राइव्ह लिव्हरने कमी करावा.

यावर एक शंका नेहमी येते, आणि ती विचार करण्याजोगी आहे: एकाच गिअरच्या यंत्रात रेस कमी केली की चाकही हळू होते आणि पातेही, मग एका फेऱ्यात पाते जेवढे पुढे सरकत होते तेवढेच सरकते, तर बिघडले कुठे? ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८३ मीटर असतो. २००० फेऱ्यांवर तो ५५ वर येतो. या यंत्रात कात्रीसारखी दुसरी धार नसते. गवत फक्त फटक्याने कापले जाते. फटका मंदावला की काडी वाकते, पाते तिच्यावरून घसरते आणि टोके चिरफाळतात. शिवाय पात्याच्या मागच्या वळलेल्या कडेने निर्माण होणारी हवेची ओढ, जी झोपलेले गवत उभे करते आणि कापलेले बाहेर फेकते, तीही उतरते. दुसऱ्या दिवशी लॉनवर जी पांढुरकी झाक दिसते ती या चिरफाळलेल्या टोकांची असते. तिला पाण्याची कमतरता समजून पाणी वाढवले जाते आणि तिसऱ्या टप्प्यातला वापसा हातचा जातो.

एकच वेग असलेल्या यंत्रावर गवत दाट लागले, तर रेस तशीच ठेवून पट्टा निम्म्या रुंदीचा घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे लिव्हर क्षणभर सोडून, इंजिनाचा आवाज भरून आल्यावर पुन्हा धरणे.

गवताची उंची वेग ठरवते, म्हणून एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. ४ सेंटिमीटर ठेवायचे असेल तर ते ६ झाले की कापावे. श्रावणात पावसामुळे दहा दिवस राहून गवत १० सेंटिमीटरवर गेले असेल, तर पहिल्यांदा उंची वर घेऊन सावकाश कापावे आणि दोन-तीन दिवसांनी खाली यावे. एका दमात ४ वर आणण्याच्या नादात डेक तुंबतो.

५. आधी कडेचे फेरे

वळण्यासाठी जागा कापून घेतल्याशिवाय सरळ पट्टे सुरू करू नयेत. औत वळवायला जशी धुऱ्याजवळ जागा सोडतात, तशीच ही सोय. फरक इतकाच की इथे ती आधी कापायची.

फेरे प्रदक्षिणेच्या दिशेने मारावेत. बहुतेक यंत्रांचे गवत उजव्या बाजूने बाहेर पडते. प्रदक्षिणेत लॉनचा मध्य उजवीकडे राहतो, त्यामुळे गवत आत पडते आणि फुलझाडांवर, गटारात किंवा उभ्या गाड्यांवर उडत नाही. डावी बाजू कुंपणाला खेटून नेता येते, हा दुसरा फायदा.

लहान यंत्राला दोन्ही टोकांना किमान तीन फेऱ्यांची, मोठ्या यंत्राला दोन ते तीन फेऱ्यांची पट्टी लागते. साधा नियम असा की, हँडलसह यंत्र जितके लांब तितकी आणि वर चालकाला दोन पावले मागे-पुढे होता येईल इतकी जागा मिळाली पाहिजे. लांबच्या दोन बाजूंना एक फेरा पुरतो.

*पडताळणी:* यंत्र टोकाच्या पट्टीत आडवे उभे करा. पुढची चाके किंवा हँडल न कापलेल्या गवतात जात असेल, तर आणखी एक फेरा मारा.

६. वळण

हा टप्पा गवतावर शिकू नये. पाते बंद करून, मुरमाच्या पार्किंगमध्ये चार विटा ठेवून अर्धा तास सराव करावा. मुरमावर चाकाने पीळ घेतला तर गोल ओरखडा लगेच दिसतो, त्यामुळे चूक सांगायला कोणी उभे राहावे लागत नाही.

*लहान यंत्र.* पट्टा संपायच्या एक पाऊल आधी ड्राइव्ह लिव्हर सोडा. पट्टा संपल्यावर नव्हे. यंत्र आपल्या गतीने पट्टीत येते. हँडल खाली दाबून पुढची चाके जमिनीपासून दोन-तीन बोटे उचला आणि मागच्या चाकांवर यंत्र फिरवत स्वतः बाहेरून अर्धवर्तुळ चाला. हात फिरवायचे नाहीत, पाय चालवायचे आहेत. कमरेतून वळणाऱ्याची पाठ संध्याकाळी बोलते. पुढची चाके नव्या रेषेवर टेकवताना आतले चाक आधीच्या कापलेल्या पट्ट्यावर ५ सेंटिमीटर चढले आहे हे पाहा आणि मगच लिव्हर धरा. पाते स्वतंत्रपणे बंद करता येत असेल तर उचलण्याआधी ते बंद करावे, आणि तसे नसेल तर समोर कोणी नाही याची खात्री करावी, कारण पुढची कड उचलली की खडा पुढे सुटतो.

थांबा: मागची चाके उचलून यंत्र कधीही वळवू नका. त्या वेळी पाते चालकाच्या पायांकडे उघडे पडते. यंत्र स्वतःकडे ओढत मागे चालणेही शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल तर आधी मागे पाहावे, आणि चप्पल घालून हे काम मुळीच करू नये.

*बेल्टचे मोठे यंत्र.* इथे अर्धचंद्र उमटतात. दोन चाकांमधले अंतर ७५ सेंटिमीटर धरले आणि आतल्या चाकाला ब्रेक लावून यंत्र उलटे फिरवले, तर बाहेरचे चाक सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर चालते आणि आतले चाक तेवढ्या वेळात एकाच जागी अर्धा फेरा पिळले जाते. रवीच्या टोकाशी दही घुसळले जावे तशी त्याखालची माती घुसळली जाते. यावर उपाय म्हणजे गिअर एकने उतरवून पट्टीत यावे आणि आतल्या बाजूचा लिव्हर ब्रेकपर्यंत न नेता ओढ सुटेल इतकाच दाबावा. चाक मोकळे राहते, सावकाश फिरत राहते आणि वळण मोठे होते. असे मोठे वळण शेजारच्याच पट्ट्यावर उतरत नाही, म्हणून एक-दोन पट्टे सोडून पुढच्यावर जावे आणि परतताना सोडलेले पट्टे उचलावेत. ट्रॅक्टरने रोटाव्हेटर मारताना असेच तास सोडून वळतात. ज्याने ते केले आहे त्याला ही रीत एका वेळेत कळते. ९० सेंटिमीटरच्या यंत्राची हाती येणारी रुंदी ८३ सेंटिमीटर धरली, तर एक पट्टा सोडल्यावर वळणाला १ मीटर ६६ सेंटिमीटर मिळतात, दोन सोडल्यावर जवळपास अडीच मीटर.

*हायड्रॉलिक यंत्र.* जागच्या जागी वळते म्हणून या यंत्राची किंमत मोजलेली असते, त्यामुळे चालक प्रत्येक टोकाला तेच करतो. पण जागच्या जागी अर्धा फेरा घेतला की यंत्र आपल्याच कापलेल्या पट्ट्याकडे तोंड करून उभे राहते. पुढच्या पट्ट्यावर जायला ते पुन्हा सरकवावे लागते. शिवाय दोन्ही चाके उलटसुलट पीळ घेत असल्याने ओल्या मातीत एकाऐवजी दोन डाग पडतात. त्यापेक्षा तीन हालचालींचे वळण घ्यावे. पट्टीत आल्यावर पुढे चालता चालताच नव्या पट्ट्याच्या बाजूला पाव फेरा घ्या, म्हणजे यंत्र आडवे होते. मग दोन्ही चाके मागे घ्या, मात्र आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त. यंत्र मागे सरकत असतानाच त्याचे तोंड आणखी वळते. तिसऱ्या हालचालीत नव्या रेषेवर पुढे निघा. या साऱ्यात एकही चाक थांबलेले नसते. वाचताना लांबलचक वाटले तरी सराव झाल्यावर हे आठ-दहा सेकंदांचे काम आहे. जागच्या जागी फिरणे झाडाभोवती आणि अडचणीच्या कोपऱ्यासाठी राखून ठेवावे.

*पडताळणी:* पहिली दहा वळणे झाल्यावर यंत्र बंद करून टोकाची पट्टी पायी पाहा. गवत दबलेले चालेल, ते उठते. माती दिसत असेल किंवा पात सरकून उघडी मुळे दिसत असतील, तर वेग एक गिअर उतरवा आणि एक पट्टा जास्त सोडा. त्यानेही फरक पडला नाही, तर दोष जमिनीच्या ओलीचा आहे आणि काम थांबवणे एवढेच हातात उरते.

७. सरळ पट्टे

पहिला पट्टा दोरी लावून मारावा. तो वाकडा गेला की पुढचा प्रत्येक पट्टा त्याची नक्कल करतो, आणि शेवटी पाचराच्या आकाराचा तुकडा उरतो. त्या एका तुकड्यासाठी पाच-सहा जादा वळणे घ्यावी लागतात. चालताना नजर चाकाशी नसावी, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी असावी. वखरामागे चालणारा माणूसही बैलांच्या पायांकडे पाहत नाही.

लॉनच्या मध्ये निंबाचे झाड असेल तर पट्टा त्याच्यापाशी तोडून परत फिरू नये. झाडाभोवती आधी दोन फेरे मारून घ्यावेत आणि पट्टा त्या कापलेल्या वर्तुळातून हलकेच वळवून पुढे न्यावा. अन्यथा एका झाडामागे दोन्ही बाजूंना वळणे वाढतात.

उतारावर मागे चालत चालवायचे यंत्र आडवे चालवावे, चढ-उताराच्या दिशेने नव्हे. पाय घसरला तर चालक यंत्राखाली किंवा यंत्र चालकावर येत नाही. वळण नेहमी चढाच्या बाजूला तोंड करून घ्यावे आणि १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर यंत्र नेऊच नये. उतारावर दव असेल तर उन्हे चढेपर्यंत थांबावे.

दर खेपेला पट्ट्यांची दिशा बदलावी असे सांगतात, आणि ते गवतासाठी योग्यच आहे. पण त्यामुळे आडव्या पट्ट्यांची खेप आली की वळणे दुप्पट होतात. लांबट लॉनवर मी पूर्ण आडवे पट्टे घेत नाही. कोनातून तिरपे घेतो, किंवा तीच लांबीची दिशा ठेवून सुरुवात निम्म्या पट्ट्याने सरकवतो, म्हणजे चाके दर वेळी त्याच जागेवर येत नाहीत. टोकाची पट्टीही एका खेपेला तीन फेऱ्यांची, दुसऱ्या खेपेला चार फेऱ्यांची ठेवावी, जेणेकरून वळणाचा भार एकाच ओळीवर पडणार नाही.

८. काम संपल्यावर

पाते थांबल्यावर, प्लगची वायर काढून डेकच्या आतील गवत लाकडी पट्टीने खरवडावे. तिथे साचलेला थर वाळून कडक झाला की पुढच्या खेपेला हवेची ओढ कमी होते आणि त्याच वेगात यंत्र गवत सोडून जाऊ लागते. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूचे गवत काढावे, आणि बेल्टच्या यंत्रात दोन्ही ब्रेकना हात जवळ नेऊन, न टेकवता, उष्णता पाहावी. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर चालक दिवसभर त्या बाजूचा लिव्हर धरून होता. दुसऱ्या टप्प्यातील खडूची रेघ पुन्हा मारावी लागेल.

आधीच पडलेले अर्धचंद्र बुजवायचे असतील तर त्यांतील दाबलेली माती खुरप्याने दोन बोटे खोल सैल करावी, थोडे कुजलेले शेणखत आणि बारीक वाळू मिसळावी, लॉनच्याच कडेची हरळी गाठीसह काढून त्यात लावावी आणि पायाने दाबून हलके पाणी द्यावे. पावसाळ्यात ती दोन-तीन आठवड्यांत पसरते, उन्हाळ्यात जास्त वेळ घेते. तोवर त्या टोकाला दोन दगड ठेवून वळण त्यांच्या अलीकडे घ्यावे.